दीपस्तंभ आणि कपाटामागची काठी

२०२३ साल. माझं वय अठ्ठ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत, पण गवंडीकाम पन्नास वर्षं केलं, त्यातलं अर्धं इथे इंग्लंडमध्ये. परांचीवर मी कधी कोणाचा हात धरला नाही. म्हणून गुडघ्यासाठी हॉस्पिटलने दिलेली काठी घरी आणली ती सरळ कपाटामागे टाकली.

आम्ही नवरा-बायको एक्झिटरला लेकीकडे राहतो. त्या शनिवारी तिने प्लिमथ बघायचा बेत केला. निघताना दारातच म्हणाली, "बाबा, स्टिक घ्या ना, प्लीज. दिवसभर चालायचंय."

"काठी म्हाताऱ्यांना."

"आणि तुम्ही कोण, नवरदेव?" बायको म्हणाली. मी पुढे चालू लागलो.

आधी जुन्या बंदराच्या दगडी गल्ल्या पाहिल्या, मग किल्ल्याची भिंत. गुडघा ठणकत होता, म्हणून भिंत मी जरा जास्तच वेळ पाहिली. मग समुद्राकाठच्या टेकडीवरचा लाल-पांढरा दीपस्तंभ. आतून वर जाता येतं. बायको म्हणाली, "मला वरून समुद्र बघायचाय." ती सहसा काही मागत नाही. मी पुढे झालो.

जिना अरुंद, उभा. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्याने दगा दिला. वर जाववेना, खाली उतरवेना, मागे माणसं खोळंबली. मी भिंतीवर हात ठेवून दगड तपासतोय असं दाखवलं. मागच्या बाईने विचारलं, "आर यू ओके?"

माझ्याआधी बायकोच बोलली, "ही इज मेसन. चेकिंग स्टोन." लोक हसून बाजूने गेले. मग हळूच मला म्हणाली, "अहो, बसा त्या खिडकीत. मी बघून येते, सगळं सांगते."

बसलो. दगड मात्र खरंच तपासले. कुठे तडा नाही.

बायको आणि लेक वरून खाली आल्या. बायको म्हणाली, "लांब पाण्यात नवा दीपस्तंभ आहे आणि शेजारी ह्या जुन्याचं उरलेलं थोटूक. आधी हा तिथे होता."

"एवढं चोख काम, मग तिथून काढलं का?"

लेक फोनमध्ये बघून म्हणाली, "टॉवरला काही झालं नव्हतं, बाबा. खालचा रॉक खचत होता. मग वरचा भाग उतरवून इथे नवीन बेसवर बांधला."

"म्हणजे बांधणाऱ्याचा दोष नाही."

"कोण म्हणतंय आहे म्हणून?" बायको माझ्या गुडघ्याकडे बघत म्हणाली.

उतरताना ती माझ्या खालच्या पायरीवर. "उजवा टेका. आता डावा." नव्या बिगाऱ्यांना परांचीवरून मी असंच उतरवायचो. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो खाली येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट सरकवलं, काठी काढली, धूळ पुसली. बटण दाबून तिची उंची एक भोक कमी केली आणि दूध आणायला निघालो.

बायको दारात आली. "म्हाताऱ्यांची ना ती?"

"दूध किती आणू, तेवढं सांग," मी म्हणालो.