पातळ डाळीचं गाणं

अनुसयाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला की तापीकाठच्या त्या गावात भले भले गप्प व्हायचे. लग्नाच्या पंगतीत दोन्हीकडच्या बाया एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढत थट्टेची गाणी म्हणतात. त्यात ही उतरली की व्याहिणींची बोलती बंद. घरीही नवरा चुनीलाल आणि ती सदा एकमेकांना चिडवत. त्यांचा संसार असा टोमण्यांवरच फुललेला.

मागच्या साली मोटारसायकलवरून पडून तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त साकळलं. सुरतेला ऑपरेशन झालं, जीव वाचला. आता चालते, स्वयंपाक करते, केळीच्या बागेतल्या मजुरांची नावंसुद्धा आठवतात. पण एकदा चुनीलाल सवयीनं बोलून गेला, की तुला आता माहेरीच धाडतो. तर बाई खरंच पिशवी भरून ओट्यावर रडत बसली. डॉक्टर म्हणाले, शब्द कळतील, थट्टा कळेलच असं नाही. आता हे दुखणं लोकांना सांगायचं तरी कसं? लेकीचं, दिपालीचं लग्न ठरलेलं. आईच्या डोक्यात बिघाड आहे असा बोभाटा झाला तर सोयरीक मोडायला कितीसा वेळ लागतो? चुनीलालनं तोंड शिवून घेतलं.

लग्नात पंगत बसली आणि नवरदेवाच्या आईनं, धनुबाईनं, गाणं उचललं: नवरीची माय भारी चिक्कू, डाळीत ओतली अख्खी तापी. बाया खिदळल्या आणि अनुसयाबाईच्या उत्तराकडे कान लावून बसल्या. चुनीलाल लगबगीनं पंगतीकडे आला.

अनुसयाबाई उठून आचाऱ्याकडे गेली. डाळीनं भरलेला डाव घेऊन धनुबाईपुढे उभी राहिली, डोळे भरलेले.

"देखा बाई, दाय घट्ट शे. मी पानी नही टाकं."

हीसुद्धा एक गंमतच, असं वाटून कुणी हसलं. मग तिचा चेहरा पाहून हसू विरलं. चुनीलालनं हात जोडून सगळं सांगून टाकलं.

धनुबाई भली बाई. सोयरीक मोडायचं तिच्या मनातही आलं नाही. तिनं अनुसयाबाईला जवळ बसवलं आणि दुसरं गाणं धरलं: व्याहीण आमची लक्ष्मी, हाताला तिच्या अमृताची चव. व्याहिणीचं असं कौतुक त्या गावच्या मांडवात कधी कुणी गायलं नव्हतं. बाया माना खाली घालून सूर धरत होत्या.

अनुसयाबाई हरखून चुनीलालकडे आली.

"आयकं का? त्या मन्हं चांगलं गाई ऱ्हायन्यात."

त्याच्या जिभेवर झणझणीत उत्तर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"हां," तो म्हणाला, "खरं शे."