मुखवट्यामागे कोण निघालं

ओल्या जाळ्याचा शेवाळलेला वास आला की मला एका जागी बसवत नाही. आमच्या तलावात जाळं ओढायचं तर दर घरटी एक माणूस दोराला लागायचा, आणि जाळं काठाला येईपर्यंत कुणी हात सोडायचा नाही. एका दोरावर बाबा, समोरच्या दोरावर त्यांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा. घरं वेगळी झाल्यापासून दोघे बोलत नव्हते. ओढताना कंटाळा येऊ नये म्हणून मी काठावरून सगळ्यांना टीव्हीवरच्या कार्टूनची गोष्ट सांगायची. उडणाऱ्या नायकाचं शहर दोन वर्षं जाळणाऱ्या दुष्टाचा मुखवटा त्या रविवारी निघणार होता. "जाय वं, पाहून ये," मोठे बाबा म्हणाले. मी शेतांच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं, टीव्हीवाल्या घरी पळाले. नायकानं एक बुक्की मारली, मुखवटा पडला, आत नुसत्या तारा. यंत्र! एवढ्यासाठी दोन वर्षं? संतापानं चिखल तुडवत परतले, तर सगळ्या माना माझ्याकडे. "कोण निघाला वं?" यंत्र म्हणायची मलाच लाज वाटली. "नायकाचा सख्खा भाऊ," मी ठोकून दिलं. दोर थबकले. "मंग? मारलं का त्यानं भावाले?" मोठ्या बाबांनी विचारलं. समोर बाबाही कान देऊन ऐकत होते. "पुढच्या रविवारी दाखवणार हायेत," मी म्हणाले, आणि पुढचे कितीतरी रविवार काठावर गेलेच नाही. मोठे बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा जाळं उन्हात पसरताना बाबांनी मान वर न करता विचारलं, "त्या भावाचं मंग काय झालं वं?"