माहेरचा माणूस

शेजारच्या बिल्डिंगमधले ते गृहस्थ घरात आले की आधी माझ्या कॉम्प्युटरची विचारपूस करतात, मग माझी. सुटे भाग निवडून तो त्यांनीच जोडून दिलाय. म्हणजे ते त्याच्या माहेरचे, आम्ही सासरचे! अपडेट करायलाही तेच येतात. एखाद्या प्रोग्रामने परवानगी मागितली की स्क्रीनलाच दरडावतात, "कोण रे तू? कुणी पाठवलं?"

परवा अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली आणि यूपीएस केकाटू लागला. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्या एकाच कॉम्प्युटरवर!

"यूपीएसवर आणखी काय लावलंय?"

"टेबलफॅन," मी म्हणालो. "वसईत उकडतं हो."

त्यांनी फॅनची पिन उपटली. आम्ही घामाघूम होऊन स्क्रीनकडे बघत बसलो. अपडेट पुरा झाला, फोटो वाचले.

वीज आल्यावर त्यांनी सगळे फोटो पेनड्राइव्हवर उतरवले आणि तो माझ्या बायकोच्या हातात दिला. "वहिनी, पासवर्ड तुम्हीच ठरवा. ह्यांचा भरवसा नाही."

ती टाइप करू लागली, तसं त्यांनी मला खांदे धरून भिंतीकडे वळवलं आणि स्वतःही शेजारी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"वळायचं नाही हं अजून!" मागून हुकूम आला.

आम्ही दोघेही वळलो नाही.