बंद खिडक्यांचा वर्ग

गांगुर्डेबाई ऐन एप्रिलातही वर्गाच्या खिडक्या बंद ठेवायच्या. नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या शाळेत त्या काळी पंखे नव्हते. पोरं घामानं निथळायची आणि बाई डाव्या गालापासून पदर बोटभर दूर धरून फळ्यावर लिहीत राहायच्या. बोलायच्या क्वचितच. आम्ही शिक्षकांनी त्यांना शिष्ट ठरवून टाकलं होतं.

खरं कारण मला शेजारचा वर्ग मिळाल्यावर कळलं. वाऱ्याची झुळूक लागली, चहाचा घोट घेतला, दोन शब्द बोललं, की गालात विजेचा झटका बसावा तशी कळ यायची. बाई टेबलाची कड धरून उभ्या राहायच्या. घरी नवरा म्हणायचा, नाटकं आहेत. हेडमास्तर म्हणायचे, दातदुखीला कसली रजा. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरनं दाताला कीड नाही म्हणून सांगितलं, तरी बाईंनी हट्टानं दात काढून घेतला. कळ राहिली. मग शेजारचा. असं करत करत पुढच्या दातांपासून दाढांपर्यंत सगळी डावी बाजू रिकामी झाली.

"दात गेला, दुखणं आपलं जागच्या जागी," असं त्या दर वेळी म्हणायच्या, दुसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तशा.

शेवटी माझ्या मावसभावानं मुंबईचे नसांचे डॉक्टर सुचवले आणि मी बाईंना घेऊन गेले. डॉक्टरांनी गालाला कापूस नुसता टेकवला, तर बाई खुर्चीतून उठल्याच. हे दुखणं दातांचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे, याला गोळ्या आहेत, असं सांगून त्यांनी विचारलं, चांगले दात का काढलेत?

"ओळखणारा नाशकात नव्हता, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "उपटणारा कोपऱ्यावर होता."

गोळ्यांनी हळूहळू कळ थांबली. मग एका सोमवारी बाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि कविता मोठ्यानं म्हणायला घेतली. मी शेजारी खडू हातात धरून ऐकत राहिले. पण डाव्या बाजूला दातच नव्हते. अर्ध्या शब्दांतून नुसता वारा सुटत होता. त्यांची पोरं हसली, मग माझ्या वर्गातलीही हसली. मला भयंकर संताप आला, पोरांचा नव्हे, आम्हा सगळ्या शहाण्यांचा.

दुसऱ्या दिवशी खिडक्या पुन्हा बंद होत्या. मी घाबरून विचारलं, परत दुखायला लागलं का?

"नाही हो," बाई म्हणाल्या. "आवाज बाहेर जातो."