भुलीचे डोहाळे

"बाळाचे ठोके आहेत," दौंडच्या डॉक्टर मॅडम सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "पण पिशवीशेजारी थोडं रक्त साठलंय. याला थ्रेटन्ड अबॉर्शन म्हणतात."

थ्रेटन्ड अबॉर्शन म्हणजे गर्भ पडलेला नाही, पण पडण्याची भीती आहे. मॅडमनी हे सावकाश समजावलं, तरी मला पहिला शब्द ऐकूच आला नाही. दुसराच ऐकू आला. तो मी आधी एकदा ऐकलेला होता. तेव्हाही याच टेबलावर झोपले होते आणि तेव्हा ठोके नव्हते.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की जनावरांच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीत काम करणाऱ्या बायका आता गावोगावी आहेत. मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

त्या दिवशी माझी नेहमीची तपासणी होती. सासर शिरूरचं, माहेर दौंड तालुक्यातलं खुटबाव. दौंडच्या मॅडमचा हात गुणाचा म्हणून मी आईच्या आग्रहाने तिथेच नाव घातलं होतं. मी कामाला होते त्या शिरूरच्या जनावरांच्या दवाखान्यातली सकाळची ऑपरेशनं उरकली आणि एसटीने निघाले. दौंडला उतरल्यावर कपड्याला लाल डाग दिसला, पण तरीही मी नंबर लावून बाकावर बसले. मॅडमना विचारायच्या गोष्टी पर्समधल्या कागदावर लिहून आणल्या होत्या: एसटीचा प्रवास, मोठं कुत्रं उचलणं, कुत्रं चावलं तर इंजेक्शन चालेल का, एक्स-रेच्या खोलीत जावं का. एक्स-रेची मला फार धास्ती होती. मी असं सगळं लिहून काढणारी बाई आहे. घरचे हसतात, पण माझं काही राहून जात नाही, अशी माझी समजूत होती.

तपासणी झाल्यावर मॅडमनी गोळ्या लिहिल्या, पूर्ण आराम सांगितला आणि जाता जाता विचारलं, "उलट्या फार होतात का? वास सहन होतात?"

मी म्हणाले, "फोडणीचा नको, साबणाचा नको, ह्यांच्या डोक्याच्या तेलाचा तर नकोच नको. एकच वास आवडतो बघा, भुलीच्या औषधाचा. गोड असतो. आमच्याकडे सगळे चिडवतात, मंगलला भुलीचे डोहाळे लागलेत म्हणून."

मी हसले. बाजूची नर्स हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कुठली भूल देता तुम्ही? इंजेक्शन की गॅस?"

"गॅस. हॅलोथेन."

"आणि तो वास तुम्हाला खोलीत येतो?"

"रोजच येतो. म्हणून तर म्हटलं."

"मंगलताई, वास येतो याचा अर्थ तुम्ही तो गॅस ओढताय. नाकाला कळेपर्यंत त्याचं प्रमाण चालतं त्याच्या कितीतरी वर गेलेलं असतं. हे डोहाळे नाहीत."

माझ्या कागदावर ही गोष्टच नव्हती.

हॅलोथेन म्हणजे काय ते सांगते. बाटलीत ते पाण्यासारखं दिसतं. मशीनमध्ये त्याची वाफ होते, ती ऑक्सिजनबरोबर जनावराच्या फुप्फुसात जाते आणि जनावर झोपतं. पण जनावर जे श्वासावाटे बाहेर सोडतं त्याचं काय होतं, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. मोठ्या इस्पितळांत ती हवा नळीने खोलीबाहेर नेतात. त्याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. आमच्या मशीनला तसली नळीच नव्हती. शिरूरच्या एका ट्रस्टने चालवलेला तो दवाखाना. माणसांच्या एका बंद पडलेल्या इस्पितळातलं मशीन स्वस्तात मिळालं म्हणून आणलेलं. ते आलं तेव्हा आम्ही त्याला हार घातला होता. त्याआधी इंजेक्शनवर भागवायचो, कधी कुत्रं उठायचंच नाही. मशीन आल्यावर कुत्री पटापट उठू लागली. माझ्या लेखी ते मशीन म्हणजे देवमाणूस होतं.

मॅडम एकेक विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. सांगताना माझं मलाच कानकोंडं होत गेलं. खिडक्या उघडता? नाही, माश्या आणि धूळ येते. मग हवा? एसी आहे. एसीने हवा बदलते, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. तो एसी तीच हवा गार करून परत आमच्या तोंडावर सोडत होता. कुत्र्याच्या तोंडाला मास्क कसला? सलाइनच्या बाटलीचा तळ कापून केलेला, कडेने सैल. औषध मशीनमध्ये कोण ओततं? मीच. सांडतं? थोडं सांडतंच. शुद्धीवर येणारं कुत्रं कुठे ठेवता? त्याच खोलीत. त्याचं डोकं मांडीवर घेऊन कोण बसतं?

मीच बसायचे. नाकाजवळ नाक. ते अंगातली सगळी भूल माझ्या तोंडावर सोडत होतं, आणि मी त्याच्या कपाळावरून हात फिरवत होते.

"पण मॅडम, मी तोंडाला कापड बांधते. दिवस गेल्यापासून दुहेरी बांधते."

"गॅस कापडातून आरपार जातो," मॅडम म्हणाल्या.

मग मी ज्याला भीत होते ते विचारलं. मागचं मूल यानेच गेलं का?

"ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "कुणीच सांगू शकणार नाही. मुलं अनेक कारणांनी जातात आणि पुष्कळदा कारण कळतच नाही. आजचं रक्तही कशामुळे आलं ते मला माहीत नाही. पण हा गॅस असा रोज ओढणं गरोदर बाईला धोक्याचं मानतात. त्या खोलीत पुन्हा जायचं नाही."

ज्या बायकांवर हे आलंय त्यांना मी एक सांगेन. "त्यानेच झालं का" या प्रश्नाच्या मागे लागू नका. मी लागले होते. त्याला तळ नाही.

मी तशीच खुटबावला गेले आणि अंथरूण धरलं. आईचं म्हणणं निराळंच होतं.

"वास घेऊन कुठं प्वार जातंय व्हय? कुनाची तरी नजर हाय. मी सांगतीया, दहीभाताचा उतारा टाकू."

माझे वडील, आप्पा, उंबऱ्यात बसून शेवंतीच्या जुड्या बांधत होते. ते मान वर न करता म्हणाले, "मंगलच्या येळला फवारणीच्या दिशी तुला वावरात पाय ठिवू दिला व्हता का म्या?"

"न्हाई."

"का?"

"औषाद वाईट म्हनून."

"मग ह्ये काय अमृत हाय?"

आईने उतारा टाकलाच, पण ती डॉक्टरच्या गोळ्याही वेळेवर देऊ लागली.

दवाखान्याच्या सरांना ह्यांनी जाऊन निरोप दिला. सर म्हणजे आमचे जनावरांचे डॉक्टर. माणूस मनाचा चांगला. त्यांनी लगेच सांगितलं, मंगलताईंची जागा आहे तिथेच आहे, बाळंत होऊन या, तोवर मशीनवर नूरजहाँ उभी राहील. मला हायसं वाटलं. नूरजहाँ माझ्या हाताखाली तयार झालेली, चलाख पोरगी.

तीच काही दिवसांनी केळी घेऊन मला भेटायला आली. येताच सुरू झाली, "ताई, तुमच्याबिगर सर एकदम येडे झालेत. कात्री मागत्यात आन् हातात चिमटा दिला तरी चालवून घेत्यात. काल एका मालकिणीने विचारलं, कुत्र्याला भूल दिली का? सर म्हणाले, मलाच दिलीया."

आम्ही दोघी हसलो. आईने चहा आणला. मग मी तिला सांगितलं, की मशीनजवळ जपून राहा, मॅडम असं असं म्हणाल्या. सगळं सांगत गेले. नळी, एसी, कापड, मांडीवरचं कुत्रं. नूरजहाँने कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

"ताई, मला बी तो वास ग्वाड लागतोय हल्ली."

मला कळायला क्षणभर वेळ लागला.

"नूरजहाँ!"

"कुनाला बोलू नका. सासूनं शपथ घातलीया. तीन महिने पुरे होईस्तवर तोंड उघडायचं न्हाई, नजर लागती म्हनून. आन् सरांना काय सांगू? गड्यामानसाला?"

ही रीत आमच्यात आहे, त्यांच्यात आहे, सगळ्यांत आहे. पहिले तीन महिने पोटातलं पोटात ठेवायचं. मीही तेच केलं होतं, दोन्ही वेळा. आणि मॅडमनी मला सांगितलेलं होतं की बाळाचे अवयव घडतात ते याच दिवसांत. म्हणजे जपायची गरज सगळ्यात जास्त जेव्हा असते, नेमकं तेव्हाच आपण कुणाला कळू देत नाही. बाई सांगेपर्यंत जपायचे ते दिवस निघून गेलेले असतात.

मी शेजारच्यांच्या फोनवरून सरांना फोन लावला. उठायची मनाई होती, तरी आईचा खांदा धरून गेले.

"सर, मशीन बंद ठेवा. पुन्हा इंजेक्शनवर या."

"अहो, तुम्ही नाही ना आता तिथे? नूरजहाँ आहे. ती कुठे गरोदर आहे?"

माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं. शपथ तिला तिच्या सासूने घातली होती, पण ती आता माझ्याही गळ्यात होती.

"सर, कोण आहे आणि कोण नाही, हे विचारून चालायचंच नाही. उद्या कुणीही असेल. तिला स्वतःलाही ठाऊक नसेल. खोलीच अशी करा की कुणीही उभं राहिलं तरी चालेल."

"मंगलताई, मी इतकी वर्षं तो वास घेतोय. मला काय झालं?"

"सर, तुम्हाला दिवस गेले नव्हते."

मग सर म्हणाले, "बरं." फक्त तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून मशीनवर चादर पडली. त्यांना काय उमजलं ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

चादर निघाली ती दुरुस्तीनंतर. पुण्याहून मशीनचा माणूस आला. जनावराने सोडलेली हवा नळीने भिंतीतून थेट बाहेर काढली, तीही लोकांची ये-जा नसलेल्या बाजूला. बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. बाटलीचा मास्क गेला, तोंडाला घट्ट बसणारे लहानमोठे रबरी मास्क आले. नळ्या गळतात का ते रोज सुरुवातीला तपासायचं ठरलं. औषध ओतायचं ते काम संपल्यावर, दारं-खिडक्या उघडून, आणि ते सर ओतणार. शुद्धीवर येणारी कुत्री व्हरांड्यात. सरांनी हे सगळं भिंतीवर लावलं आणि खाली लिहिलं, गोड वास आला की काम थांबवायचं. तुमच्या दवाखान्यात यातलं काय आहे आणि काय नाही, ते उद्याच बघा. दिवस गेले असोत की नसोत.

माझं रक्त हळूहळू थांबलं. दर खेपेला दौंडच्या त्या बाकावर बसायच्या आधी मी कपड्याला डाग नाही ना, ते बघून यायचे. रेल्वेतल्या लोकांच्या बायका, ऊसतोडीच्या बायका, सगळ्याजणी आपापलं पोट धरून बसलेल्या. पुढे अॅनोमली स्कॅन झाला. बाळाचे अवयव नीट आहेत का ते त्यात बघतात. मॅडमनी हात, पाय, मणके, हृदय असं एकेक मोठ्याने म्हणत दाखवलं. मी पडद्याकडे बघितलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

शेवटी बाळ आडवं आलं आणि सिझेरियन ठरलं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात, त्याला स्पायनल म्हणतात. म्हणजे मी जागी होते. छातीपुढे हिरवा पडदा. मान वळवली तर उशाशी भुलीचं मशीन. मी सवयीने त्याची नळी बघत गेले. ती मशीनच्या मागे आली आणि तिथेच संपली. मोकळी लोंबत होती.

"सिस्टर," माझा हात धरून उभ्या असलेल्या तरण्या नर्सला मी विचारलं, "ही नळी कुठे जाते?"

"ताई, आता नळीचं काय घेऊन बसलात?" ती हसली. "बाळ यायला लागलंय." पण तिने मागे वळून बघितलं.

मुलगी झाली. रडली. मॅडमनी तिला माझ्या गालाला लावलं. त्यांचे आभार मी दुसऱ्या दिवशी मानले, आणि त्या नळीचंही त्याच वेळी सांगितलं. "बघते," म्हणाल्या. "आजच बघते." नूरजहाँ पुढे शिरूरलाच बाळंत झाली, तिला मुलगा झाला. मशीन बंद झालं तेव्हा तिने सासूला सांगितलं होतं, तुमची शपथ पाळली, पण एका बाईला सांगितलं. सासू म्हणाली, एक बाई चालती.

मॅडमना नळीचं सांगितलं त्याच दिवशी संध्याकाळी आई डबा आणायला गेली असताना ती तरणी सिस्टर माझ्या खोलीत आली. तिच्या हातात ना औषध होतं, ना थर्मामीटर. तिने दार लोटून घेतलं.

"ताई, ती नळी कुठे जायला हवी?"

मी पाय आवरून पलंगावर तिला बसायला जागा केली. कितवा महिना, ते काही विचारलं नाही. नळीचं सांगायला सुरुवात केली.