लाल चिंधीची अंबाडी

हल्ली शहरातून विद्वान येतात आणि भांगेच्या झाडापासून निघणाऱ्या धाग्यावर तासभर बोलतात. कापणी कधी करायची, पाण्यात किती दिवस कुजवायचं, साल कशी सोलायची, सगळं पाठ. मी एकच विचारतो, "बी कोणत्या झाडाचं ठेवता?" मग त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. मला मात्र आमची अंबाडी आठवते आणि त्यांच्याइतकीच स्वतःचीही कीव येते.

आरमोरीकडे आमची धानाची शेती, बांधावर दोरासाठी अंबाडी. बाप फुलावर आलेली उंच झाडं तेवढी कापायचा, तळ्यात कुजवायचा आणि पोळ्याला बैलांचे नवे दोर गावभर मिरवायचा. बियाण्याला उरायची बकऱ्यांनी खाल्लेली खुरटी. दरवर्षी झाडं बुटकी होत गेली, दोरात गाठी वाढल्या. दोष मात्र तळ्याच्या पाण्याला! नाचता येईना अंगण वाकडं.

आई शाळेत गेलेली नव्हती. तिनं दहा उंच झाडांना लाल चिंध्या बांधल्या. "हे बीचे झाडं होत. यायले हात नोको लावू." दरवर्षी ती त्यांचंच बी पेरायची. तीन वर्षांत अंबाडी माझ्या डोक्यावर गेली. बाप हसायचा, "झाडायले लुगडं नेसवते का वो?" मी कृषी शिकून आलेलो. अशा अडाण्याच्या पोटी आपण कसे जन्मलो, याचंच मला नवल वाटायचं.

त्या वर्षी तालुक्याला कृषी प्रदर्शन लागलं. सगळ्यात लांब धाग्याला बक्षीस होतं. आई मावशीकडे धान कापायला गेली होती आणि बाकीची अंबाडी बापानं आधीच कापली होती. बी धरलं की साल राठ होते, धागा हवा तर झाड फुलावरच कापावं, हे लिहून मी परीक्षेत गुण मिळवले होते. मी विळा घेतला. चिंध्या सोडून बांधावर टाकल्या, दहाही झाडं कापली आणि तळ्यात कुजवून धागा काढला. दोन ठेवावीत, असं मनातसुद्धा आलं नाही.

बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र घेऊन परतलो तर आई बांधावर उभी होती, हातात चिंध्या. रडली असती तर बरं झालं असतं.

"सारं बी पेरून टाकलो होतो बाबू," ती म्हणाली. "मडक्यात आता दाणा नाई."

बापानं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माहाच पोट्टा होय!"