भिंगबाईची स्क्रीन

छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे, आणि हे नाव तिनं फुकटात मिळवलेलं नव्हतं. औषधांच्या खोक्यांवर जो बारीक मजकूर असतो, जो आपण कधी वाचत नाही आणि वाचलाच तर पोटात गोळा येतो, तो कॉम्प्युटरवर मांडायचं तिचं काम. छापून आलेला कागद कुणी टेबलापलीकडून नुसता वर धरला तरी ती म्हणायची, "खालून दुसऱ्या ओळीतला अनुस्वार कुणी खाल्ला? भूक लागली होती तर सांगायचं होतं." नवी माणसं तिच्या टेबलावर प्रूफ ठेवून पळ काढायची. एका मुलीला तर तिनं "डोळे घरी खुंटीला लावून येतेस का गं?" असं भर ऑफिसात विचारून रडवलं होतं. ती मुलगी पुढं महिन्याभरात सोडून गेली. भिंगबाईला त्याचं काही वाटलं नाही. मऊ बाई नव्हती ती. उगाच तिची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही.

तिच्या मोठ्या बहिणीचा मुलगा खांद्याला बॅग अडकवून दुकानं आणि ऑफिसं फिरायचा, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. छापखान्याचं काम त्याला मावशीनंच शब्द टाकून मिळवून दिलं. काम मिळालं, पण नाव गेलं. "भाचा आला का?" "भाच्याला बोलवा, प्रिंटर अडकलाय." मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचा तो भाचा. त्यानं स्वतःच्या नावाची, खाली मोबाईल नंबर टाकून, झकास कार्डं याच छापखान्यात छापून घेतली. गठ्ठा हातात आला तेव्हा वरच्या कागदावर कटिंगवाल्यानं पेनानं लिहिलं होतं: भाच्याची कार्डं. तेव्हा तो हसला. घरी जाऊन मात्र आईला म्हणाला, "मावशीनं मला काम नाही दिलं, बारसं केलं माझं."

मग स्क्रीन बदलल्या.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक गेम खेळायचं पार्लर बंद पडलं होतं. तिथल्या मोठमोठ्या स्क्रीन मालकानं घासाघीस करून उचलल्या. जुन्या चौकोनी डब्यांच्या जागी या रुंद, काळ्या, पातळ स्क्रीन बसल्या आणि ऑफिस एकदम श्रीमंत दिसायला लागलं. या स्क्रीन सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र नव्यानं रंगवायच्या. यालाच हर्ट्झ म्हणतात. औषधाच्या खोक्यावर "थंड जागी ठेवा" लिहायला एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ कशाला लागतात, हे मालकाला कुणी विचारलं नाही. तो सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत होता, "बघा, अक्षर कसं सुईसारखं दिसतंय."

भिंगबाईनं दुसऱ्याच दिवशी भाच्याला फोन केला. "जेवायच्या सुट्टीत ये. आणि येताना बोंबलत येऊ नकोस."

तो आला तेव्हा सगळे बाहेरच्या बाकांवर डबे उघडून बसले होते. आत ती एकटी.

"हे मोठं करून दे."

"मावशी, या स्क्रीनचं रिझोल्यूशनच जास्त आहे. बारीक पण स्वच्छ. छान दिसतं की."

"मला छान नको. मोठं पाहिजे."

"मग पान झूम कर."

"पान होतं रे मोठं. बाजूचे चौकोन, मेनू, टायपाचे आकडे, ते तसेच राहतात मुंग्यांच्या रांगेसारखे. हे सॉफ्टवेअर तुझ्याएवढं जुनं आहे."

"मग विंडोजमधलं भिंग लावून देतो. माउस जाईल तिथं मोठं दिसेल."

"लाव, लाव. म्हणजे स्क्रीनभर चौकोन नाचेल आणि अख्खं ऑफिस विचारेल, भिंगबाईला भिंग कशाला."

भाचा गालात हसला आणि कामाला लागला. स्क्रीनच्या रुंदीच्या आणि उंचीच्या बरोबर निम्मं रिझोल्यूशन लावलं की प्रत्येक अक्षर दुप्पट होणार, हे त्याला तोंडपाठ होतं. पण ग्राफिक कार्डाच्या यादीत ते निम्मं रिझोल्यूशन नव्हतंच. मग त्यानं कार्डाच्या प्रोग्रॅममध्ये शिरून हातानं नवीन बनवलं, आडवे ठिपके भरले, उभे ठिपके भरले आणि चाचणीचं बटण दाबलं. घाईत हर्ट्झ बदलायचं राहिलं. चित्राच्या उभ्या चार चिरफळ्या उडाल्या. अक्षरावर अक्षर चढलं, डावी बाजू उजवीकडे गेली, सगळ्या पानावर पांढरी राख फासल्यासारखं झालं.

"हां," मावशी म्हणाली. "आता कसं मोठं वाटतंय. राहू दे असंच."

भाच्याचा हात माउसवरच राहिला. चाचणीची सेकंदं संपली आणि चित्र आपोआप पहिल्यासारखं झालं. त्यानं वळून तिच्याकडे बघितलं. ती स्क्रीनकडे बघत नव्हती, स्क्रीनच्या जरा बाजूला, भिंतीकडे बघत होती.

"मावशी, ते चित्र फाटलेलं होतं."

ती म्हणाली, "दार लोट."

तिच्या डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. जिकडे बघावं तेच नेमकं गायब व्हायचं, आजूबाजूचं दिसायचं. ओळ वाचायची तर नजर ओळीच्या वर ठेवायची, मग ओळ खालून चोरासारखी यायची. चष्म्यानं काही होणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. जुन्या स्क्रीनवर ती अक्षर मोठं करून ठेवायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, मला पसारा आवडत नाही. बाकी सगळं बोटांना पाठ होतं.

"मालकाला कळलं तर दुसऱ्या दिवशी मी घरी," ती म्हणाली. "घरी म्हणजे कुठं? माझ्या खोलीचं भाडं कोण भरणार? तुमच्या स्वयंपाकघरात गादी घालावी लागेल. तुझ्या आईला बहीण चालते, पण चहा पिऊन परत जाणारी."

"माझं तोंड शिवलेलं आहे समज."

"तुझं तोंड लहानपणापासून बघतेय मी. म्हणून तर सांगतेय."

त्यानं हर्ट्झ साठवर आणले. चित्र जुळलं. बाकीच्यांच्या स्क्रीनपेक्षा धुरकट, पण अक्षर मोठं आणि जाग्यावर. तिनं भिंतीकडे बघत एक अख्खी ओळ वाचून दाखवली आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. "चल नीघ. शहाणा आहेस, पण कुणाला सांगू नकोस."

भाच्यानं खरंच सांगितलं नसतं. त्याला मावशीचं वाईट करायचं नव्हतं. पण माणसाच्या मानाला ठेच लागली की तो काय करेल याचा नेम नसतो, आणि ठेच पोचवणारे ऑफिसात बसलेलेच असतात.

आठवड्याभरानं तो प्रिंटर बघायला आला. मालक त्याच्या काचेच्या केबिनमध्ये होता, समोर टायवाला. टायवाला म्हणजे गिऱ्हाईक आणणारा तरुण, उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला टाय. भिंगबाईनं त्याच्या एका पत्रात चुका काढून ते पत्र सूचनाफलकावर लावलं होतं, तेव्हापासून तो संधीच शोधत होता.

"काय रे भाच्या," मालक म्हणाला. "सगळ्यांच्या स्क्रीन आरशासारख्या, आणि तुझ्या मावशीची तेवढी धुरकट. गिऱ्हाईक आलं की तिथंच बघतं. जमत नव्हतं तर तसं सांगायचं. दुसरा माणूस बघितला असता."

"वशिल्याचा कारागीर," टायवाला म्हणाला. "मावशीची स्क्रीनही नीट लावता येईना."

केबल खराब आहे म्हणता आलं असतं. कार्ड जुनं आहे म्हणता आलं असतं. शंभर थापा या धंद्यात रोज चालतात, भाच्याला त्यातल्या सगळ्या येत होत्या. पण त्याची कानशिलं तापली आणि तो म्हणाला, "मला जमतं. तिला दिसत नाही."

आणि मग, कुणी विचारलं नसताना, त्यानं चिरफळ्यांची गोष्टही सांगितली. चित्र पार फाटलेलं आणि मावशी म्हणते, राहू दे असंच. टायवाला टेबलावर हात आपटून हसला. पहिल्यांदाच त्या केबिनमध्ये भाच्याला कुणीतरी खुर्ची दिली.

मालक हसला नाही. मालक वाईट माणूस नाही असं त्याला ओळखणारे सांगतात. सांगोत बापडे. "ऐकीव गोष्टीवर मी कुणाला काढत नाही," तो म्हणाला. "तूच लाव ते फाटकं चित्र, उद्या सकाळी, ती यायच्या आधी. दिसत असेल तर बसल्याबसल्या ओरडेल. ओरडली तर प्रश्न मिटला."

सकाळी भाच्यानं तिच्या खुर्चीत बसून साठचे परत एकशे चव्वेचाळीस केले. तो स्वतःला समजावत होता की एवढं बिघडलेलं कुणालाही कळेल, मावशी पहिल्यांदा मलाच शिव्या घालेल, मग मी धावत जाऊन नीट करीन. समजावणं सोपं असतं. आपणच बोलणारे, आपणच ऐकणारे.

भिंगबाई आली. रुमालानं स्क्रीन पुसली, पाण्याची बाटली डाव्या हाताला ठेवली, उशी पाठीशी सरकवली. मालक कागद घेऊन मागं उभा राहिला. त्याच्या मागं टायवाला, आणि टायवाल्यानं गोळा केलेले पाच-सहाजण.

"बाई, लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं खोकं. कंपनीनं बदल कळवलाय. 'दिवसातून तीन वेळा' आहे, त्याचं 'दोन वेळा' करायचं."

"करते. पण ही वरात कशाला?"

"नवीन स्क्रीनवर काम कसं चालतं ते बघतायत."

स्क्रीनवर चार उभ्या चिंध्या लटकत होत्या. खोक्याचं झाकण खाली गेलं होतं, खोकणाऱ्या पोराचं डोकं धडापासून हातभर लांब पडलं होतं. भाचा दाराशी उभा होता. ओरड, तो मनात म्हणत होता. मेल्या म्हण मला.

तिनं मान किंचित वळवली, नजर भिंतीवर टेकवली आणि बोटं चालवली. शोधायचं ते कीबोर्डवरून शोधलं, शब्द गाळला, शब्द घातला. सगळ्यांना जे मोडकंतोडकं दिसत होतं ते तिला रोजच तसं दिसत होतं. कुणीतरी तोंडावर हात दाबून फुसकन हसलं.

"दात काढायला काय झालं?" ती वळली नाही. "झालंय. प्रूफ काढा."

"प्रूफ कशाला," मालक म्हणाला. "तुम्हीच सांगा ना, समोर काय दिसतंय?"

"दोन वेळा दिसतंय. जेवणानंतर. काय दिसायला पाहिजे?"

मग कुणी हसू आवरलं नाही. टायवाला पुढं वाकला आणि मऊ आवाजात म्हणाला, "भिंगबाई, डोळे घरी खुंटीला लावून आलात का?"

तिनं स्क्रीनच्या काचेला बोट लावलं, जणू चिरा हाताला लागतील. मग तिनं तोंड फिरवलं. तिला सरळ बघून दिसत नसल्यामुळं ती नेमकी कुणाकडे बघतेय हे कुणालाच कळलं नाही. भाच्याला कळलं.

"शिवलेलं तोंड," ती म्हणाली. एवढंच.

"उद्यापासून आराम करा बाई," मालक म्हणाला. तिनं बाटली घेतली, उशी काखेत मारली. दारात भाचा बाजूला सरला. तिचा खांदा चौकटीला लागला, पण ती थांबली नाही.

"भाच्या, आता तरी लाव नीट," मालक केबिनकडे जाता जाता म्हणाला. भाचा खुर्चीत बसला. खुर्ची अजून गरम होती. त्यानं हर्ट्झ खाली आणले, चिंध्या जुळल्या, पोराचं डोकं धडावर बसलं. आणि खाली, जिथं पाहिजे तिथं, पाहिजे त्या टायपात, लिहिलेलं होतं: दिवसातून दोन वेळा. जागा जराही हललेली नव्हती.

आता मावशीचं रिझोल्यूशन काढून टाकायला मशीन बंद करून चालू करावं लागणार होतं. खोक्याची फाईल बंद होताना प्रोग्रॅमनं विचारलं, मजकुरातले बदल ठेवायचे का?

"आंधळ्या हाताचं काम ठेवतोस?" टायवाला म्हणाला. "नाही म्हण. मी नंतर कुणाकडून तरी करून घेतो."

मावशीनं केलंय ते बरोबर आहे, असं म्हणायला भाच्याचं तोंड उघडलं होतं. पण आत्ताच त्याला त्या घोळक्यात जागा मिळाली होती. त्यानं 'नाही' दाबलं.

टायवाला विसरला. त्याचं डोकं टायच्या गाठीतच असायचं.

भिंगबाईची गादी बहिणीच्या स्वयंपाकघरात पडली. ती भांडी घासायची, कपड्यांच्या घड्या घालायची. बहीण ताटलीला राहिलेला डाग तिच्या नाकासमोर धरायची, "हे बघ, दिसतंय का?" भाच्याशी मावशी नेहमीसारखं बोलायची, फक्त कमी.

एका दुपारी ती टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती आणि भाचा जेवत होता, तेव्हा मालकाचा फोन आला. हात खरकटा म्हणून त्यानं फोन जमिनीवर ठेवून स्पीकर लावला.

"ए भाच्या, तुझ्या मावशीनं माझी वाट लावली. ती खोकी सगळी 'तीन वेळा' म्हणून छापून गेली. कंपनीनं गोदामातच पकडलं म्हणून बरं. आता सगळा माल लगद्यात. त्या दिवशी तिच्यानंतर मशीनला तूच बसलास ना? काय होतं स्क्रीनवर? मला कंपनीला लेखी द्यायचंय."

टॉवेलावरचे हात थांबले. "मी दोन केलं होतं," मावशी म्हणाली. फोनला नाही, भाच्याला. "सांग त्यांना. तू तिथंच होतास."

दोन होतं म्हणावं, तर गेलं कुठं, हा पुढचा प्रश्न. 'नाही' कुणी दाबलं, हा त्याच्या पुढचा. भाच्यानं घास गिळला.

"तीन होतं, मालक."

"वाटलंच मला. बरं, उद्या ये. प्रिंटर परत अडकलाय." पलीकडे मालक कुणाला तरी सांगत होता, "भाचा म्हणतो तीनच होतं," आणि फोन बंद झाला.

स्वयंपाकघरात बहीण नळाखाली काहीतरी धूत होती. मावशी भिंतीकडे बघत राहिली.

"तीन होतं?"

"हो."

"तू नीट बघितलंस?"

"स्वच्छ दिसत होतं, मावशी."

"मग चुकलंच असेल माझं," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य त्या घरात आधी कुणी ऐकलेलं नव्हतं. तिनं घातलेली घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली, कडेला कड लागली का ते बोटांनी चाचपत. मग बाजूला ठेवलेल्या घड्याही तिनं एकेक करून मोडल्या.